गाडीला पेट्रोल कुठलं पाजाल?

नवी गाडी घेतलीत, सोलापुरात सिद्धेश्वराच्या देवळात नेऊन आणलीत, चाकाखाली लिंबंही चिरडलीत. आता पेट्रोल कुठलं टाकायचं? उत्तर कंपनीने गाडीच्या पुस्तिकेत छापलंय, बऱ्याच गाड्यांत टाकीच्या झाकणाआड चिकटवलंयही. तिकडे अजिबात बघू नका. छापील गोष्टीवर विसंबायला आपण काय पुण्याचे? सात रस्त्याच्या टपरीवर हाफ चहा सांगा आणि विषय काढा. सर्वात ठाम सल्ला सीएनजी रिक्षावाला देईल, तोच प्रमाण माना.

तो म्हणेल, "महागाचं टाका की वो, गाडी पळती बघा!" बरोबर आहे. महागाच्या पेट्रोलच्या पाटीवरचा ऑक्टेन म्हणजे पैलवानाचा खुराक, आकडा मोठा तेवढी गाडी तगडी. काही शहाणे सांगतील की हा आकडा ताकदीचा नसतोच. सिलिंडरमध्ये दाबलं गेल्यावर ठिणगीची वाट न बघता पेट्रोल मध्येच भडकू नये, त्यासाठी ते किती दम धरतं, एवढंच तो सांगतो. दाब जास्त असलेल्या इंजिनाला तो दम लागतो, इतरांत तो वायाच. वर हेही ऐकवतील की इथेनॉलचा, म्हणजे उसासारख्या पिकांपासून काढलेल्या अल्कोहोलचा, स्वतःचा ऑक्टेन शंभरच्या वर असल्याने ते २० टक्के मिसळलेलं साधं पेट्रोलही (ई-२०) आता ९५चं झालंय. २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच तसं सांगितलं. ऐकू नका. ९५च्या पाटीखाली जास्तीचे पैसे मोजून तेच ९५ घेण्यात जी शान आहे, ती साध्या नळीला नाही. आणि आसरा चौकात ट्रॅक्टरच्या मागे रांगत असताना इंजिनात तेवढी ताकद हाताशी असलेली बरी.

वेळही पाळा. मे महिन्यात पारा ४४ला टेकला, की पहाटे साडेपाचला पंपावर जायचं. गार पेट्रोल घट्ट असतं, लिटरमागे जास्त बसतं. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिला पहाट आणि दुपार जवळपास सारखीच, हे त्या बिचाऱ्या टाकीला सांगून काय उपयोग? शंभरचं कधीच मागू नका, एकशे दहाचं मागा. मशीन शंभरला चोरी करतं, एकशे दहाला त्याला लाज वाटते.

पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं, गिऱ्हाइकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. घनतेचा आकडा दाखवावा लागतो, भेसळ तपासायला फिल्टर पेपरही द्यावा लागतो. यातलं काहीही मागू नका. मागे पंधरा मोटारसायकली उभ्या असतात आणि "ओ काका, सरका की!" ऐकण्यापेक्षा लुटलं गेलेलं परवडतं. फक्त "झिरो बघा" म्हटलं की मान डोलवायची. बघायचं मोबाईलमध्येच.

ॲव्हरेज पडलं की पंपवाल्याला शिव्या घालायच्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, जुन्या रचनेच्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२०ने सहा-सात टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच आहे. पण अहवालाला शिव्या घालून मन मोकळं होत नाही. जुन्या गाडीचे रबरी पाइप, गॅस्केट या पेट्रोलला चालतात का, हे मेकॅनिकला विचारू नका. तो खरं सांगायचा.

तरी आपल्या जिल्ह्यात ई-२०ला नावं ठेवणं शोभत नाही. एवढे साखर कारखाने, एवढा ऊस. आपलंच रान आपल्या टाकीत. हेच मी परवा मोठ्या अभिमानाने पंढरपूरच्या मामांना पंपावर समजावून सांगितलं. मामा नळीकडे बघत राहिले. ऊस तुटून तीन महिने झाले होते. कायद्याने १४ दिवसांत मिळायचं बिल अजून आलं नव्हतं.

"म्हंजे माझा ऊस तू जाळून बी बसलास," मामा म्हणाले, "अन् मी अजून बँकेत चकरा मारतोय व्हय रं?"