पाच ‘स्तान’ आणि एक फिरता मेसेज

नात्यातल्या एका मुलीने बिश्केकला एमबीबीएससाठी प्रवेश घेतला आणि दुसऱ्याच दिवशी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज येऊन पडला. याआधीही दोन-तीनदा फिरून गेलेला. “रशियाचे तुकडे पडून झालेले पाच ‘स्तान’ देश. सगळे सारखेच, निव्वळ वाळवंट. १९९१ मध्ये रशियाशी लढून सुटले, पण आजही रशियाच्याच जिवावर जगतात. तेल निघतं म्हणून पैसा आहे. तिथला अरल समुद्र हवामान बदलल्यामुळे आटला. मूळचे भटके लोक, त्यामुळे लिपी नाही, ग्रंथ नाही, संस्कृती नाही.” खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’. मुलीच्या आईचा लगेच फोन. “भाऊजी, वाळवंटात पाठवतेय का हो मी पोरीला?”

वहिनींसाठी आधी वाळवंटाचंच बघू. बिश्केक ही किर्गिझस्तानची राजधानी, आणि त्या देशाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग डोंगराळ आहे. तिथलं इसिक-कुल सरोवर १,६०० मीटर उंचीवर असूनही कडाक्याच्या थंडीत गोठत नाही. नावाचा अर्थच ‘उष्ण तळं’. शेजारचा ताजिकिस्तानही असाच डोंगरांचा. तिथलं ७,४९५ मीटर उंचीचं शिखर आधी स्टालिनच्या नावाचं होतं, मग ते ‘कम्युनिझम शिखर’ झालं आणि आता इस्माईल सोमोनी शिखर आहे. डोंगर तोच, पाट्या तीन. तुर्कमेनिस्तानात मात्र काराकुम वाळवंटाने बहुतेक देश व्यापलाय, तेवढं मेसेजचं खरं. कझाकस्तान तर जवळपास नऊ महाराष्ट्र मावतील एवढा अवाढव्य आणि माणसं जेमतेम दोन कोटी. उत्तरेला गव्हाची शेतं, मधे गवताळ माळ, दक्षिणेला अल्माटीजवळच्या डोंगरांत रानटी सफरचंदांची झाडं. आपण बाजारातून आणतो त्या सफरचंदाचे पूर्वज तेच.

‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्याने तिथल्या भाषा एकदा ऐकाव्यात. कझाक, किर्गिझ, उझबेक आणि तुर्कमेन या तुर्की कुळातल्या, तर ताजिक ही फारसीची बहीण. आणि समरकंद, बुखारा ही शहरं उझबेकिस्तानात असली तरी तिथल्या अनेक घरांत ताजिक बोलतात, कारण १९२४ पासून या सीमा आखल्या गेल्या त्या मॉस्कोत. राहिला ‘स्तान’. फारसीतला हा शब्द आपल्या ‘स्थान’चाच भाऊ, राजस्थानवाल्यांना कोणी त्यावरून हिणवत नाही.

‘लढून सुटले’ हे तर सरळ उलटं आहे. १७ मार्च १९९१ ला सोव्हिएत संघ टिकवावा की नाही यावर सार्वमत झालं. या पाचही प्रजासत्ताकांत नव्वद टक्क्यांहून जास्त मतं टिकवण्याच्या बाजूने पडली. ती मतं किती मोकळेपणाने दिलेली, हा प्रश्न रास्त आहे, पण लढा म्हणावं असं तिथे काही नव्हतं. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी संघ संपल्याचं जाहीर केलं; कझाकस्तानने स्वातंत्र्य घोषित केलं ते १६ डिसेंबरला, सगळ्यांत शेवटी. याचा अर्थ मनात खदखद नव्हती असा नाही. मॉस्कोने कझाक नेत्याला हटवून बाहेरचा माणूस आणून बसवला तेव्हा डिसेंबर १९८६ मध्ये अल्माटीतली तरुण पोरं रस्त्यावर उतरली होती आणि त्यांना बळाने चिरडलं गेलं.

तेल आणि रशियाचा जीव, हे दोन मुद्दे एकत्रच घेतो. तेल मुख्यतः कझाकस्तानात, वायू तुर्कमेनिस्तानात. किर्गिझ आणि ताजिक लोकांकडे नाव घ्यावं असं तेल नाही. आहे ते नद्यांचं पाणी आणि थोडं सोनं. तिथली लाखो माणसं रशियात बांधकामावर, गोदामांत राबतात आणि घरी पैसे पाठवतात. म्हणजे इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, फक्त ते जगणं घामाचं आहे, खैरातीचं नाही. तुर्कमेनिस्तानचा वायू २००९ पासून नळाने थेट चीनला जातो. जगातल्या युरेनियमपैकी सुमारे ४० टक्के एकटा कझाकस्तान काढतो आणि आपणही तो विकत घेतो. बैकोनूरचं तर गणितच उलटं. राकेश शर्मा १९८४ मध्ये जिथून अवकाशात गेले आणि १९८८ मध्ये आपला आयआरएस-१ए उपग्रह जिथून सुटला, तो अवकाशतळ कझाक भूमीवर आहे आणि त्याचं वर्षाला साडेअकरा कोटी डॉलर भाडं रशिया भरतो.

आता अरल. हा मुद्दा वाचून मी खरोखर चिडलो.

१९६० मध्ये अरल समुद्र सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचा होता, जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांवर तो जगायचा. सोव्हिएत नियोजनकारांना कापूस हवा होता, म्हणून दोन्ही नद्यांचं पाणी कालव्यांनी शेतांकडे वळवलं. एकटा काराकुम कालवा तेराशे किलोमीटरहून लांब, १९५४ मध्ये खोदायला घेतलेला, आणि बहुतेक ठिकाणी अस्तराशिवाय. त्यामुळे कितीतरी पाणी वाटेतच वाळूत मुरलं. समुद्र आटेल हे त्यांना कळत होतं. कापसाच्या हिशेबात तो तोटा परवडणारा ठरवला गेला. तहानलेल्या प्रदेशात तहानलेलं पीक म्हणजे काय, हे उसाचं राजकारण बघत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मोयनाक हे अरलकाठचं, उझबेकिस्तानातलं मासेमारीचं बंदर. पाणी मागे सरकत गेलं आणि बोटी वाळूत रुतल्या. मासे डबाबंद करणारा कारखाना चालू राहावा म्हणून दूरच्या समुद्रांतून गोठवलेले मासे तिथे आणले जात! उघड्या पडलेल्या तळाचं मीठ, त्यात शेतांतून वाहून आलेली कीटकनाशकं, वाऱ्याबरोबर उडून गावांवर बसू लागली. कापूस वेचायला शाळा बंद ठेवून मुलांना नेलं जाई, आणि ही सक्ती स्वतंत्र उझबेकिस्तानातही कित्येक वर्षं चालली. त्यावरून जगातल्या कपड्यांच्या कंपन्यांनी उझबेक कापसावर घातलेला बहिष्कार २०२२ मध्ये उठला.

हवामानाचा भार पडतोय, हिमनद्या वितळतायत, तेही खरं. पण २००५ मध्ये कझाकस्तानने जागतिक बँकेच्या कर्जातून तेरा किलोमीटरचा कोक-अरल बांध घातला, उत्तरेकडचं पाणी अडवलं, आणि छोटा अरल, म्हणजे समुद्राचा उत्तरेकडे उरलेला तुकडा, अपेक्षेपेक्षा लवकर भरला. मासे परतले, मच्छीमारही परतले. दोष एकट्या हवेचा असता तर एका बांधाने हे झालं नसतं.

शेवटचा दावा संस्कृतीचा. ‘लिपी नाही’? अहो, तिथे लिप्यांचा सुकाळ आहे. एखाद्या उझबेक घरात पणजोबांचं पत्र अरबी लिपीत, आजीची शाळेची वही सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन लिपीत, आणि नातीचं पुस्तक लॅटिनमध्ये सापडेल. एका शतकात तीन लिप्या, म्हणजे पणजोबांचं पत्र नातीला वाचताच येत नाही. अल्गोरिदम हा शब्द ज्याच्या नावावरून आला तो अल-ख्वारिझ्मी नावाप्रमाणे ख्वारझमचा, म्हणजे अरलच्या दक्षिणेकडच्या प्रदेशातला. संस्कृत शिकून भारतावर ग्रंथ लिहिणारा अल-बेरुनीही तिथलाच. तैमूरचा नातू उलुग बेग याने समरकंदला वेधशाळा बांधून हजाराहून जास्त ताऱ्यांच्या नोंदी केल्या, आणि पुढे जंतरमंतर उभारणाऱ्या सवाई जयसिंगाने त्या वापरल्या. ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे, तिथल्या संग्रहालयात अजिना-तेपा या जुन्या बौद्ध मठातून आणलेली, पहुडलेल्या बुद्धाची जवळपास तेरा मीटर लांब मूर्ती आहे.

आणि ‘भटके’ ही शिवी कशी? ‘मनासची’ म्हणवले जाणारे किर्गिझ कथेकरी मुखोद्गत म्हणतात त्या ‘मनास’ महाकाव्याचं एकच कथन पाच लाख ओळींचं आहे. आपल्या महाभारताच्या दुपटीहून मोठं, आणि तेही तोंडपाठ. कझाकांचं भटकेपण आपोआप सुटलं नाही. सोव्हिएत सरकारने शेती-गुरं खासगी मालकीतून काढून सामूहिक केली, त्यात त्यांचे कळप काढून घेतले गेले आणि १९३०-३३ च्या दुष्काळात सुमारे पंधरा लाख माणसं मेली, त्यात बहुसंख्य कझाक. पुढे कझाकस्तानातल्याच सेमिपालातिन्स्कच्या माळावर चार दशकांत साडेचारशेहून जास्त अणुचाचण्या झाल्या, कारण मॉस्कोच्या नकाशावर तो माळ ‘रिकामा’ होता. मेसेज लिहिणाऱ्याच्या नकाशावरही तो तसाच दिसतोय.

वहिनींना मी एवढं सगळं ऐकवलं नाही. त्यांना सांगितलं की काळजी करायची तर कामाच्या गोष्टींची करा. परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, वर बारा महिन्यांची इंटर्नशिप तिथेच हवी, हा आपल्या वैद्यकीय आयोगाचा नियम. कॉलेजकडून ते लेखी घ्या. वॉर्डात रुग्ण रशियन किंवा किर्गिझ बोलणार, तेव्हा पोरीला पहिल्या दिवसापासून भाषा शिकू दे. मे २०२४ मध्ये तिथे परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले होते, म्हणून राहायची जागा नीट पारखा. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. आता जाड कोट पुण्यात घ्यावा की तिकडेच, यावरून घरात दोन तट पडलेत.