खुलासा: जास्त वॅट म्हणजे चांगला आवाज नव्हे

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतंय: ‘गाडीत ५०० वॅटचे स्पीकर लावा, आवाज आपोआप सुधारेल.’ हे चूक आहे. खोक्यावरचा तो आकडा बहुधा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो. बघायचा तो आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो त्या शक्तीचा आकडा. गाडीतल्या साध्या स्टिरिओतून दर चॅनेलला, म्हणजे एकेका स्पीकरला, जेमतेम १५ ते २० वॅट मिळतात. म्हणून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्तीत स्पीकर किती मोठा आवाज काढतो, ते विचारा: ती ३ डेसिबल जास्त असेल, तर तेवढाच आवाज निम्म्या शक्तीत निघतो.

खरं काम गाडीच्या दारातच आहे, जिथे स्पीकर बसतो, आणि तिथेच लोक पैसे वाचवतात! पत्र्याला डॅम्पिंग शीट (थरथर शोषणारा चिकट थर) लावा, आतली मोठी भोकं बंद करा; नाहीतर स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातात, बास हरवतो. एकाच स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडली तरी तेच होतं. दाराच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रं मात्र मोकळीच ठेवा, नाहीतर पावसाळ्यात पत्रा गंजेल.