‘पाच सेटिंगा लावा, विषय संपला’ : असं नसतंय भावा

आपल्या कोल्हापुरातल्या गेम बनवणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज परत फिरायला लागलाय, मूळ कुणी लिहिला देव जाणे पण जो तो पुढं ढकलतोय. मजकूर थोडक्यात असा : युनिटीत (गेम बनवायचं इंजिन) वस्तू एकमेकांच्या आरपार जात असतील तर एक, सगळ्या रिजिडबॉडी (वस्तूला फिजिक्सच्या ताब्यात देणारा भाग) कंटिन्युअस डायनॅमिक (टक्कर सलग तपासायची सेटिंग) करा. दोन, फिक्स्ड टाइमस्टेप (फिजिक्सच्या दोन हिशोबांमधला वेळ, सेकंदात) ०.०२ वरनं ०.००५ वर आणा. तीन, सगळीकडं मेश कोलायडर (मॉडेलच्या त्रिकोणांनी बनलेलं, टक्कर ओळखणारं कवच) लावा, अचूक टक्कर मिळते. चार, वस्तू हलवायला ट्रान्सफॉर्म (वस्तूची जागा ठरवणारे आकडे) बदला नाहीतर फोर्स द्या, इंजिन बघून घेतंय. पाच, एवढं करून पण कॉलबॅक (टक्कर झाली की इंजिन बोलावतं ते फंक्शन) आला नाही तर तो इंजिनचा बग. आणि खाली ‘विषय हार्ड’.

विषय हार्ड आहे हे मात्र खरं. बाकीचं एकेक बघू, आणि उदाहरण फुटबॉलचंच घेऊ, कारण शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचा बघत वाढलेल्या पोरांना पहिला गेम फुटबॉलचाच करायचा असतो.

टाइमस्टेपपासनं सुरू करतो, कारण त्यात निम्मं खरं आहे. जोरात मारलेला बॉल समजा सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगानं चाललाय. युनिटीची फिजिक्स डिफॉल्टला सेकंदात ५० वेळा चालते, म्हणजे एका स्टेपमध्ये बॉल ६० सेंटिमीटर पुढं. बॉलचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर, गोलपोस्टचा खांब नियमाप्रमाणं जास्तीत जास्त १२, म्हणजे बॉल अगदी सरळ खांबावर गेला तरी दोघं एकमेकांना भिडलेले असण्याचा पट्टा ३४ सेंटिमीटरचा. साधं डिस्क्रीट डिटेक्शन फक्त स्टेपच्या ठिकाणी बघतं, मधलं त्याला दिसत नाही, त्यामुळं शंभर शॉटातले चाळीसेक खांबातनं बिनबोभाट पार होणार. आणि जे सापडले त्यातल्या निम्म्या वेळा बॉलचा मध्य खांबाच्या मध्याच्या पलीकडं गेलेला असतो, मग इंजिन जवळच्या बाजूनं बाहेर काढतं, म्हणजे गोलच्या आत! खांबाला लागून गोल झाला असं वाटून पोरं खूश, पण खरं तर ती टक्कर झालेलीच नाही.

आता ०.००५ केलं की एका स्टेपला १५ सेंटिमीटर, सरळ खांबावरचा बॉल सुटत नाही, मान्य. चाटून जाणारा अजूनही सुटू शकतो, कारण तिथं भिडायचा पट्टाच छोटा. पण किंमत बघा की. सगळी फिजिक्स ५० च्या जागी २०० वेळा चालणार, एका बॉलसाठी बावीस प्लेअर, जाळी, कोपऱ्यातले झेंडे सगळे चौपट कामाला. स्वस्तातल्या फोनवर गेम ३० एफपीएसनं (सेकंदाला ३० फ्रेम) चालत असेल तर एका फ्रेममध्ये सहा-सात स्टेप, आणि एका स्टेपलाच ५ मिलिसेकंदांच्या वर लागायला लागले तर हिशोब कधीच भरून निघत नाही, उशीर झाला म्हणून जास्त स्टेपा आणि जास्त स्टेपा म्हणून आणखी उशीर. युनिटी मॅक्झिमम अलाउड टाइमस्टेप या मर्यादेला हे थांबवते, पण मग गेम स्लो मोशनमध्ये जातो. वर फिक्स्डअपडेटमध्ये (प्रत्येक फिजिक्स स्टेपला चालणारं फंक्शन) डेल्टाटाइमनं (एका स्टेपचा वेळ) न गुणता वेग वाढवणारा कोड असेल तर तोही चौपट पळतो. बंदुकीच्या गोळीला तर हा उपाय चालतच नाही, सेकंदाला ४०० मीटर म्हटलं तर ०.००५ ला पण दोन मीटरची उडी, तिथं आधीच्या जागेपासनं आत्ताच्या जागेपर्यंत रेकास्ट (वाटेत काय लागतं ते बघणारी अदृश्य सरळ रेघ) टाकायचा आणि मोकळं व्हायचं.

कंटिन्युअस डायनॅमिक. हे बॉलला लावा, जरूर लावा. इंजिन बॉलचा आकार पूर्ण वाटेवरनं सरकवून बघतं (यालाच स्वीप म्हणतात) आणि पहिली धडक कुठं ते काढतं, वरचं सगळं गणित मिटतं. खांबासारख्या न हलणाऱ्या कोलायडरसाठी नुसतं कंटिन्युअस पण पुरतं. पण ‘सगळ्यांना’ कशाला? झेंड्याला स्वीप करून काय मिळणार, नुसता प्रोसेसर तापणार.

आणि खरी गंमत पायाशी आहे. हा स्वीप फक्त सरळ वेग धरतो, वस्तूचं फिरणं धरत नाही. किक मारताना पाय कमरेपासनं गोल फिरतो, शिवाय ॲनिमेशनवर चालतो म्हणजे कायनेमॅटिक (फिजिक्सचे धक्के न खाता, सांगितलं तसं हलणारा), आणि कायनेमॅटिकला युनिटीत स्पेक्युलेटिव्ह हा एकच कंटिन्युअस प्रकार चालतो. त्यात फिरणं धरलं जातं, पण तो अंदाजावर आधीच संपर्क बनवतो, त्यामुळं कधी कधी बॉल पायाला न लागताच वळतो. मला विचाराल तर किक फिजिक्सवर सोडूच नये. ॲनिमेशनच्या ज्या फ्रेमला पाय बॉलशी येतो तिथं अंतर तपासायचं आणि बॉलला वेग स्वतः द्यायचा, गेम खेळणाऱ्याला कंट्रोलपण नीट वाटतो.

गोललाइनचं पण तेच. लोक तिथं पातळ ट्रिगर (न अडवता, कोण आत आलं एवढंच सांगणारा कोलायडर) ठेवतात आणि बॉल कंटिन्युअस केला म्हणून निवांत बसतात, पण ट्रिगरला कंटिन्युअस डिटेक्शन लागूच होत नाही! गोल झाला, बोर्डावर आकडा नाही. बॉलची मागची जागा लक्षात ठेवा आणि बॉलचा मध्य गोललाइनच्या पलीकडं ११ सेंटिमीटर गेला का ते स्वतः बघा, नियम पण तोच आहे, बॉल पूर्ण पार पाहिजे.

आता चौथा मुद्दा, सगळ्यात घातक. ट्रान्सफॉर्मची पोझिशन बदलली की वस्तू सरकत नाही, एका जागेवरनं गायब होऊन दुसरीकडं उगवते. आत्ता रंकाळ्यावर दिसलेला माणूस पुढच्या क्षणाला बिंदू चौकात उभा असेल तर वाटेत कुणाला धडकला हे कोण सांगणार? वेगच नाही तर स्वीप कशाचा करणार, कंटिन्युअस लावलंय का नाही याला अर्थच उरत नाही. उगवली ती जागा भिंतीच्या आत असेल तर इंजिन तिला बाहेर ढकलतं आणि पेटी टुणकन उडते, मग म्हणायचं फिजिक्स येडी झाली.

लोक असं का करतात ते पण कळतं, फिक्स्डअपडेटमध्ये हलवलं की हालचाल झटके खात दिसते. त्यावर औषध आहे, रिजिडबॉडीवरचं इंटरपोलेट (दोन स्टेपांमधली हालचाल सलग दाखवणारी सेटिंग). इनपुट अपडेटमध्ये (प्रत्येक फ्रेमला चालणारं फंक्शन) वाचा, कायनेमॅटिकला मूव्हपोझिशन, बाकीच्यांना फोर्स नाहीतर वेग, युनिटी ६ मध्ये त्या वेगाचं नाव लिनिअरव्हेलॉसिटी झालंय. कॅरेक्टर कंट्रोलरची (पात्र हलवायचा तयार भाग) गोष्ट वेगळी, त्याचं मूव्ह स्वतःच वाट तपासतं. गोडो हे दुसरं इंजिन वापरणाऱ्यांनी हसू नये, तुमच्यात डिफॉल्ट सेकंदाला ६० टिक (स्टेप) आहेत आणि ४.४ पासनं जोल्ट हे फिजिक्स इंजिन आलंय, पण वेग गुणिले स्टेपचा वेळ हा गुणाकार तोच.

मेश कोलायडर ‘अचूक’ म्हणे. कॉन्व्हेक्स (कुठंही खळगा नसलेला आकार) नसलेला मेश कोलायडर हलत्या, म्हणजे कायनेमॅटिक नसलेल्या रिजिडबॉडीवर युनिटी ५ पासनं चालतच नाही, आणि कॉन्व्हेक्स केला की खळगे भरून निघतात, त्रिकोण २५५ च्या आत. वर साधा मेश म्हणजे नुसती कातडी, त्याला आत-बाहेर नसतं, बॉल एकदा त्रिकोणातनं पलीकडं गेला की परत ढकलणारं कुणी नाही. खांबाला कॅप्सूल, बॉलला स्फिअर, क्रॉसबारला पण कॅप्सूल, एवढ्यात भागतंय. स्टेडियमच्या पायऱ्यांना मेश लावा, त्या कुठं पळून जात नाहीत.

राहिला इंजिनचा बग. कॉलबॅक न येण्यामागं बहुतेक वेळा दोन्ही वस्तू कायनेमॅटिक असतात, किंवा दोघांवर रिजिडबॉडीच नसते, किंवा टूडी कोलायडरवर थ्रीडीचं फंक्शन लिहिलेलं असतं, नाहीतर लेयर मॅट्रिक्समध्ये (कुठला गट कुठल्या गटाला धडकतो त्याचा तक्ता) ती एक टिक कुणीतरी काढलेली असते. उलटी तक्रार पण येते, एका धडकेत डॅमेज दोनदा, तर ऑनकोलिजनएंटर (टक्कर सुरू झाल्याचा कॉलबॅक) दोन्ही वस्तूंवर येतं, दोन्ही स्क्रिप्टात वजाबाकी लिहिलीय ती एकीकडं ठेवा.