मगर म्हणे कधी बदललीच नाही!

"डायनासोर आले नि संपले, मगर मात्र २० कोटी वर्षांत तसूभरही बदलली नाही. पाण्यात दबा धरायचा, मांस खायचं. एवढ्यावर भागलं म्हणून तिला बदलावंच लागलं नाही." जबडा वासून पडलेल्या मगरीचा फोटो आणि त्याखाली हा मजकूर. दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी तो पुढे पाठवतंच. वाचायला झकास आहे, पण टिकत नाही.

आधी आकडा. आजच्या मगरी, सुसरी, ॲलिगेटर ज्या गटात मोडतात तो गट साधारण १० कोटी वर्षांपूर्वीचा. त्यांचं मूळ घराणं मात्र याहून फार जुनं. डायनासोर आणि पक्ष्यांच्या शाखेपासून ते वेगळं झालं त्याला सुमारे २५ कोटी वर्षं झाली. मजकूर लिहिणाऱ्याने घराण्याचं वय मगरीच्या नावावर लावून टाकलंय.

मग २० कोटी वर्षांपूर्वी त्या घराण्यात होतं कोण? वेल्समध्ये सापडलेला टेरेस्ट्रिसुकस घ्या. लांबी जेमतेम मीटरभर, पाय काटकुळे आणि अंगाखाली सरळ, म्हणजे जमिनीवर पळणारा प्राणी. टेक्सासमधला पोस्टोसुकस चार-पाच मीटरचा शिकारी. जीवाश्मांचे अभ्यासक शंकर चॅटर्जी यांनी १९८५ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा तो टायरॅनोसॉर या मांसाहारी डायनासोरांच्या पूर्वजांपैकी असावा असं त्यांना वाटलं होतं. इतका तो मगरीपेक्षा वेगळा दिसत होता!

माझा लाडका मात्र एफिजिया. न्यू मेक्सिकोतल्या घोस्ट रँचवरून १९४७-४८ मध्ये प्लॅस्टरमध्ये गुंडाळलेले जीवाश्मांचे दगड न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आले आणि त्यातले काही तसेच पडून राहिले. पुढे स्टर्लिंग नेस्बिट या तरुण संशोधकाने ते फोडले. आत निघाला दोन पायांवर चालणारा, बिनदाताच्या चोचीचा, शहामृगी घाटाचा प्राणी. कवटी पाहून कोणीही डायनासोरच म्हणेल. चुगली केली ती घोट्याने. मगरीच्या घोट्यात एका हाडाचा उंचवटा शेजारच्या टाचेच्या हाडाच्या खोबणीत बसतो आणि पाऊल त्या दोन हाडांच्या मधे वळतं. डायनासोरमध्ये ही दोन्ही हाडं नडगीला धरून राहतात, सांधा त्यांच्या खाली असतो. एफिजियाचा घोटा मगरीच्या पद्धतीचा होता. २००६ मध्ये त्याचं बारसं झालं.

"मांस खायचं" हेही सरसकट खरं नाही. मादागास्करचा सिमोसुकस पाऊण मीटरचा, अंगभर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, तोंड चपटं नि बोथट, कोणीतरी पुढून ठोकून बसवल्यासारखं. दात चक्क लवंगेसारखे, टोकाला बारीक कंगोरे असलेले. असे दात पाला खाणाऱ्याचे. २०१९ मध्ये अशा नामशेष नातेवाइकांचे दात मोजून-मापून पाहिले गेले, तेव्हा या घराण्यात शाकाहार किमान तीनदा स्वतंत्रपणे आला असावा असं दिसलं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. आजच्या मगरींच्या जनुकांमध्ये बदल खरोखरच सावकाश साचतात. २०१४ मध्ये त्यांचे जनुकसंच ताडून पाहिल्यावर ते दिसलं. पण सावकाश म्हणजे शून्य नव्हे.

राहिलं "बदलावंच लागलं नाही". याच घराण्यातले काही समुद्रात गेले, त्यांच्या पायांची वल्ही झाली, शेपटीला माशासारखा पर आला. जमिनीवरचे शिकारी तर डायनासोर संपल्यावरही दक्षिण अमेरिकेत कोट्यवधी वर्षं टिकले. त्यांना सेबेसिड म्हणतात. उंच, अरुंद थोबाड आणि करवती धारेचे चपटे दात. हे दात सुटे सापडायचे, तेव्हा ते डायनासोरचेच समजले जात.