चार रकान्यांची यादी

दुपारपासून डोकं तापलंय. माझ्या आत्याने तालुक्याच्या एका कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज केला होता, त्याचं उत्तर आज आलं. दोन ओळींचं. मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची आहे, सबब कलम ८(१)(ञ) नुसार नाकारण्यात येत आहे. खाली सही, शिक्का, विषय संपला.

तिने मागितलं काय होतं? २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात तिचं सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं. पंचनामा झाला, मदत आली ती निम्म्याहून कमी क्षेत्राची. बांधाला बांध असलेल्या रानाला मात्र पूर्ण क्षेत्राची मदत मिळाली असं गावात बोललं जातं. खरं असेल, नसेल. ते कळावं म्हणून तिने गावाची पंचनाम्याची यादी मागितली. गट नंबर, नाव, बाधित क्षेत्र, मंजूर रक्कम. चार रकाने. कुणाचा आधार नंबर नको, खाते नंबर नको, मोबाइल नंबर नको.

आता हीच आत्या सरकारला काय काय देऊन बसली आहे ते ऐका. ई-पीक पाहणीचं ॲप २०२१ च्या १५ ऑगस्टला आलं. तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता आणि तो तिला पुरत होता. पण पीक नोंदवायचं तर स्मार्टफोन हवा, म्हणून तिने पदरच्या पैशाने घेतला. रिचार्जही तिचाच. लोकेशन चालू करायचं, स्वतःच्या गटात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढून चढवायचा. रानात रेंज नाही म्हणून ती लिंबाकडच्या उंचवट्यावर जायची, तर ॲप सांगायचं की तुम्ही गटापासून लांब आहात. पुन्हा खाली. पुन्हा वर. भर उन्हात, साठी उलटलेली बाई. पुढे आधार जोडून झालं, फार्मर आयडी काढून झाला, आलेला प्रत्येक ओटीपी कुणाला ना कुणाला वाचून दाखवून झाला. ती कुठे उभी आहे, तिने काय पेरलंय, तिच्या खात्यात किती जमा झाले, सगळं सरकारला ठाऊक. आणि तिने उलट एक कागद मागितला तर तो वैयक्तिक!

ॲपने काहीच भलं केलं नाही असं म्हणत नाही. पूर्वी पीकपेरा, म्हणजे कुठल्या रानात काय पेरलंय याची नोंद, गावात न फिरताच भरला जायचा, तेही आपण पाहिलंय. ठीक आहे.

पण वैयक्तिक म्हणजे नेमकं काय? महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर जा, जिल्हा, तालुका, गाव निवडा, कुणाचाही गट नंबर टाका. सातबारा समोर येतो. नाव, क्षेत्र, आणि इतर हक्कात सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा. माझ्या आत्याच्या जमिनीवर किती कर्ज आहे हे मुंबईत बसलेला अनोळखी माणूस फोनवर बघू शकतो. त्याला माझी हरकत नाही. जमिनीची नोंद उघडीच हवी, चावडी वाचनात ती भर गावासमोर मोठ्याने वाचायची आपल्याकडे रीतच आहे. मग शेतकऱ्याचं कर्ज उघडं आणि सरकारी तिजोरीतून दिलेली मदत झाकलेली, हा कुठला न्याय?

माहितीचा अधिकार मुळात नावांच्या यादीतूनच उभा राहिला. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या. मजुरांचे हजेरीपट, म्हणजे मस्टर, गावासमोर वाचले, तेव्हा मेलेल्या माणसांच्या नावावर उचललेली मजुरी बाहेर आली. नावं झाकून वाचलं असतं तर काय बाहेर आलं असतं? २००५ च्या कायद्यात म्हणूनच एक वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. माझी आत्या आणि आमदार एका ओळीत! हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

ते वाक्य आता नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने ते काढलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल लागूही झाला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण कुणाच्या खाजगी आयुष्यात डोकावणारी माहितीच नाकारता यायची. आता 'वैयक्तिक' एवढा एक शब्द लिहिला की झालं. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. तो हक्क माणसाला सरकारपासून वाचवायला होता. कार्यालयाला आत्यापासून वाचवायला नव्हता!

ज्याने हे उत्तर लिहिलं त्या माणसावर मात्र माझा फारसा राग नाही. पाऊस थांबायच्या आत पंचनामे संपवायचे, वरून रोज आकडे मागणार, खालून रोज लोक भांडणार. कायद्यानेच सोपी वाट करून दिली, तो त्या वाटेने गेला. आणि हो, अर्ज टाकून पैसे उकळणारेही आहेत, मान्य. त्यांच्यासाठी खंडणीचं कलम आहे, ते लावा. पण याच माहिती अधिकार कायद्याचा हात धरून सरकारी जमिनींचे घोटाळे काढणारे सतीश शेट्टी यांचा २०१० मध्ये तळेगाव दाभाड्यात खून झाला, हे आपण इतक्या लवकर विसरायचं? माणसांनी जीव देऊन राखलेलं दार एका दुरुस्तीने बंद होतं आणि आपण नव्या फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेल यावर तासभर बोलतो.

तंत्रज्ञान नाही, मनुष्यबळ नाही, असं तर कुणी सांगूच नये. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये सतरा बाबी आहेत, ज्या कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायच्या आहेत. त्यात अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशीलही येतो. राजस्थानने २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल काढून योजनांची माहिती अर्जाशिवाय पंचायतीपर्यंत खुली केली. आपलं सरकार शेतातला फोटो गट नंबरासकट साठवू शकतं, मग त्याच गट नंबरापुढे मदतीची रक्कम दाखवायला काय लागतं? ज्या फोनवरून आत्याकडून माहिती घेतली, त्याच फोनवर ती परत दिसली पाहिजे.

तिला फोनवर विचारलं, आत्या, सोडून देऊ या का? म्हणाली, "मला कुणाचं पासबुक बघायचं नाही रे. माझं रान कुणी अन् काय बघून मोजलं, तेवढं सांगा म्हणावं." आवाजात राग नव्हता. मलाच कसंतरी झालं.

पहिलं अपील आज रात्रीच लिहितोय, मुदत ३० दिवसांची आहे. कलम ८(२) अजून शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. त्यावर बोट ठेवणार. तिथेही नकार आला तर राज्य माहिती आयोग, जिथे २०२३ मध्येच एक लाखाहून जास्त प्रकरणं पडून होती. म्हणून ग्रामसभेलाही वेगळा अर्ज देतोय, की मदतीची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. गावाकडच्या मित्रांनो, तुमच्याकडे अशी यादी फलकावर लागली असेल तर तसं खाली नक्की सांगा, फोटो मला मेसेज करा. खाते नंबर दिसत असतील तर झाकून. मला तो अपिलाला जोडायचाय.