नव्या माणसाला तिखट चारणं म्हणजे 'टीम बाँडिंग'? नीट बघू

ऑफिसांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. सार असं: नव्याने रुजू झालेल्याला पहिल्या आठवड्यात सगळ्यांसमोर जहाल तिखट खायला लावणं ही निरुपद्रवी गंमत आहे. एकत्र तिखट खाल्ल्याने माणसं जवळ येतात हे 'शास्त्राने सिद्ध' झालंय. मिरचीने इजा होत नाही, नुसता भास होतो. जबरदस्ती कुणी करत नाही. आपण मराठी माणसं, आपल्याला तिखटाचं काय कौतुक! आणि फारच झोंबलं तर वर ग्लासभर पाणी.

शास्त्रापासून सुरुवात करू, कारण मजकुरातला तेवढाच भाग हवेतून काढलेला नाही. 2014 साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक निबंध आला. त्यातल्या एका प्रयोगात अनोळखी लोकांचे छोटे गट केले. काही गटांना कच्ची बर्ड्स आय मिरची खायला दिली, काहींना साधी गोड गोळी. नंतर एक पैशांचा खेळ खेळायला लावला, तेव्हा मिरचीवाल्या गटांनी एकमेकांना जास्त सहकार्य केलं. इथवर मजकूर बरोबर.

पण त्या गटात मिरची सगळ्यांनी खाल्ली होती. सगळ्यांच्याच नाकाडोळ्यांतून पाणी. एक जण खातोय आणि बाकीचे अकरा मोबाईल धरून उभे आहेत, असा तो प्रयोगच नव्हता. शिवाय तिथे कुणी कुणाचा साहेब नव्हता. वाटून घेतलेल्या त्रासाने जवळीक वाढते, यावरून एकट्यावर लादलेल्या त्रासानेही वाढते असं म्हणणं म्हणजे भलत्याच गणिताचं उत्तर आपल्या वहीत उतरवणं.

याहून जुना, 1959 चा एक अमेरिकन प्रयोग आहे. ॲरन्सन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलींना एका चर्चा-गटात घेण्याआधी काहींना लाजिरवाणे शब्द मोठ्याने वाचायला लावले. मग सगळ्यांना त्या गटाची, मुद्दाम कंटाळवाणी केलेली, चर्चा ऐकवली. ज्यांना जास्त लाज सोसावी लागली त्यांनाच ती चर्चा जास्त आवडली. म्हणजे गट चांगला झाला नव्हता. सोसलेलं फुकट गेलं असं मानायला मन तयार नव्हतं. "आम्हालाही खायला लावलं होतं, आम्ही काय मेलो?" हे वाक्य म्हणूनच गेल्या वर्षी रडकुंडीला आलेल्याच्याच तोंडी असतं.

आता 'नुसता भास'. यातही अर्धं खरं आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही-1 नावाच्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं. हा ग्राही एरवी साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली की जागा होतो, म्हणून मेंदूला वाटतं की तोंड पोळलं. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. तोंड खरंच भाजत नाही, कबूल. पण शरीर खोट्या आगीलाही खऱ्या आगीसारखंच उत्तर देतं, आणि ते उत्तर अंगाशी येऊ शकतं.

वैद्यकीय नियतकालिकांत आलेली दोन उदाहरणं देतो. अमेरिकेतल्या एका 47 वर्षांच्या माणसाने पैजेत भूत जोलोकिया या जहाल मिरचीचा लगदा लावलेला बर्गर खाल्ला. त्याला इतक्या जोराच्या उलट्या झाल्या की अन्ननलिकाच फाटली. शस्त्रक्रिया झाली आणि 23 दिवस रुग्णालयात काढावे लागले. हे 2016 मध्ये छापून आलं. 2018 मध्ये आलेलं दुसरं प्रकरण 34 वर्षांच्या माणसाचं: स्पर्धेत एक कॅरोलिना रीपर मिरची खाल्ली आणि पुढच्या काही दिवसांत विजेसारखी कडाडून डोकेदुखी. तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या दिसल्या. सुदैवाने तो बरा झाला. 2023 मध्ये अमेरिकेतच 'एकच चिप खाऊन दाखव' या आव्हानानंतर 14 वर्षांचा एक मुलगा दगावला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयात आधीपासूनचे दोष आढळले, आणि मृत्यूच्या नोंदीत भरपूर कॅप्सेसिन असलेला पदार्थ नुकताच पोटात गेल्याचाही उल्लेख आला. कंपनीने ती चिप बाजारातून काढून घेतली.

अशा घटना विरळाच, हे मान्य. पण समोरच्याच्या हृदयात काय आहे हे कॅन्टीनमध्ये उभ्या असलेल्या कुणाला ठाऊक असतं?

"आपण मराठी माणसं" या मुद्द्यावर फार शाई खर्चायला नको. गुळाची आमटी आणि नारळाच्या रसातलं सारही आपलंच. कोल्हापुरातही तांबड्याच्या शेजारी पांढरा रस्सा येतोच, आणि मिसळीचा कट वेगळ्या वाटीत मागवता येतो, ज्याला जेवढा हवा तेवढा ओतायला. ब्याडगीचं नाव मोठं, पण ती रंगासाठी, तिखटाला सौम्यच. भूत जोलोकिया तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मोजपट्टीवर दहा लाखांच्या पुढे जाते, रीपर सोळा लाखांच्या, आणि 2023 मध्ये विक्रम केलेली पेपर एक्स सव्वीस लाखांच्या पुढे. रोजच्या ठेच्याची सवय इथे कामाला येत नाही.

राहिला जबरदस्तीचा प्रश्न, आणि खरी मेख इथेच आहे. एका ऑफिसात मी स्वतः पाहिलेला प्रकार सांगतो. वडापाव फोडून आत ड्रॉपरने लाल सॉसचे थेंब टाकले जात होते. नवा मुलगा हसत होता, पण नजर टीम लीडकडे. लीड म्हणाला, "अरे, नको असेल तर राहू दे हं." झालं, यावर तो कसला राहू देतोय! दोन घासांत ठसका लागला, त्याच बोटांनी त्याने डोळा पुसला आणि कळवळला. बेसिनकडे धावला तर मागून आवाज, "थांब थांब, अँगल येऊ दे."

प्रोबेशनवरच्या माणसाचा होकार हा असा असतो. त्याला मूळव्याध असेल, अल्सरच्या गोळ्या चालू असतील, तर ते तिसऱ्या दिवशी वीस अनोळखी माणसांसमोर सांगायचं कसं?

गंमत कुठवर जाते ते जपानमधल्या कोबे शहरात दिसलं. तिथल्या एका प्राथमिक शाळेत वरिष्ठ शिक्षकांनी एका तरुण सहकाऱ्याला धरून ठेवून जहाल तिखट करी खायला लावली, डोळ्यांभोवती फासली. 2019 मध्ये चित्रफीत बाहेर आली. चौघांवर कारवाई झाली, त्यातले दोघे 2020 मध्ये बडतर्फ झाले. शाळेने मधल्या जेवणातली करीसुद्धा काही काळ बंद ठेवली. म्हणजे शिक्षकांच्या गमतीपायी पोरांच्या ताटातली करी गेली.

आपल्याकडे कॉलेजसाठी 1999 चा महाराष्ट्र रॅगिंगबंदी कायदा आहे. तो शिक्षणसंस्थांपुरता, ऑफिसाला लागत नाही. पण म्हणून ऑफिसात रान मोकळं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 114 प्रमाणे शारीरिक वेदना देणं हीदेखील 'दुखापत'च, आणि ती जाणूनबुजून केली तर कलम 115 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे, हेही त्याच संहितेत आहे.

आणि ते ग्लासभर पाणी. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने ते तोंडभर पसरतं. दूध द्या, दही द्या. दुधातली प्रथिनं ते धरून ठेवतात. सायीचंच दूध हवं असंही नाही, बिनसायीचंही चालतं. डोळ्यात गेलं तर आधी हात साबणाने धुवायला लावा, कॉन्टॅक्ट लेन्स काढायला सांगा आणि डोळ्यावर बराच वेळ पाणी मारा. छातीत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, श्वास लागणं किंवा अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी यांपैकी काहीही दिसलं तर ज्या मोबाईलवर शूटिंग चाललंय त्याच मोबाईलवरून 108 लावा.