लाहायनाच्या आगीबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

हवाई बेटांतलं लाहायना गाव लेसरने पेटवलं, म्हणूनच एक लाल छपराचं घर तेवढं वाचलं आणि सायरन मुद्दाम बंद ठेवले, असा मेसेज पुन्हा फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. चूक माझी.

८ ऑगस्ट २०२३ ला सकाळी वादळी वाऱ्यात विजेच्या तारा तुटून गवत पेटलं. आग विझली असं समजून दुपारी बंब परतले. तासाभराच्या आत तिथेच धुमसणारे निखारे पुन्हा भडकले. माउई (लाहायना ज्या बेटावर आहे ते) इथला अग्निशमन विभाग आणि अमेरिकेच्या संघीय तपासयंत्रणेने २०२४ मध्ये दिलेला हा निष्कर्ष आहे. त्या लाल घराला धातूचं नवं छप्पर होतं आणि भिंतीलगतची झाडझुडपं काढून दगड पसरलेले होते. उडत्या ठिणग्यांना धरायला काहीच नव्हतं.

सायरन वाजलेच नाहीत, हे मात्र खरं. लोक त्सुनामी समजून डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच पळाले असते, असं तिथल्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुखांनी सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. १०२ माणसं गेली. वाचलेले रहिवासी अजून विचारतात, आम्हाला वेळेवर सांगितलं का नाही? लेसरच्या गोष्टीत त्यांचा हा प्रश्न बुडून जातो, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

मेसेज तुमच्याकडे आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.